सेरुवाईयाची बोटं मी पोहोचवली

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, आणि इतकी वर्षं काम करूनही माझ्या मालकिणीने माझ्यातून एक शब्दसुद्धा कधी ऐकलेला नाही. यात माझा दोष नाही आणि तिचाही नाही. सेरुवाईयाला जन्मापासूनच ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. तिचं बोलणं समुद्रापलीकडे राहणाऱ्या तिच्या मुलीला नीट दिसावं, एवढ्याच कामासाठी मला विकत घेतलं होतं. ते काम मी आधी फार वाईट केलं आणि नंतर बऱ्यापैकी चांगलं केलं. चांगलं करायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांचे उपकार मला तुमच्यासमोर सांगायचे आहेत.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात बॅटरी बसवली, अंगावर काच चढवली आणि कपाळावर छोटासा कॅमेरा लावला. हा कॅमेरा म्हणजे माझा डोळा. पुढे माझं सगळं आयुष्य या एका डोळ्यावर चालणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तिथून जहाजाने मी फिजीला आलो आणि सुवा शहरातल्या एका दुकानात काचेच्या कपाटात जाऊन बसलो.

एके दिवशी तिथे लवेनिया आली. वीसएक वर्षांची, उंच, केसांत जास्वंद खोचलेली. दुकानदाराने लगेच एक फोन काढून मोठ्याने गाणं लावलं.

“आवाज बघा ताई! अख्ख्या गावाला ऐकू जाईल.”

“आवाज राहू दे हो दादा,” लवेनिया म्हणाली. “बोटं स्वच्छ दिसतात का, तेवढं सांगा.”

दुकानदाराला काही कळेना. लवेनियाने एकेक फोन हातात घेतला, त्याच्यासमोर बोटं नाचवली आणि बाजूला ठेवला. माझ्यासमोरही तिने बोटं नाचवली. मग म्हणाली, “हाच द्या.” मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

लवेनिया ऑस्ट्रेलियाला आंब्याच्या मळ्यांवर कामाला निघाली होती. जाण्याआधी ती मला घेऊन बोटीने कंदावू बेटावर, आपल्या गावी गेली. गावाचं नाव वाईनिकोरो. समोर समुद्र, मागे डोंगर आणि मध्ये चाळीस घरं. लवेनियाचे वडील ती लहान असतानाच वारले होते. घरात ती आणि तिची आई सेरुवाईया, दोघीच. सेरुवाईया केतकीची पाती सुकवून त्यांच्या चटया विणायची. तिच्या चटया लग्नाकार्यात पहिल्या अंथरल्या जात.

सेरुवाईयाला लहानपणी शाळेत कुणी घातलं नाही. खा, ये, जा, पाऊस आला, एवढ्या खुणा घरच्यांना पुरत असत. पण लवेनिया पाळण्यात असल्यापासून आईचे हात बघत वाढली. एक खूण आईने करावी, दुसरी लेकीने शोधावी, असं करता करता मायलेकींची एक पूर्ण भाषा तयार झाली. त्या भाषेत भांडता येत होतं, थट्टा करता येत होती, स्वप्नं सांगता येत होती. ती भाषा पुरेपूर जाणणारी माणसं सगळ्या जगात दोनच होती, आणि त्यातलं एक आता परदेशी निघालं होतं.

जाताना लवेनियाने मला आईच्या मांडीवर ठेवलं. “दर रविवारी संध्याकाळी,” तिने हातांनी सांगितलं. मग मामाला बजावलं, “मोमो, फोन लावून देणं तुझं काम.”

तिथे मामाला मोमो म्हणतात. अपेनिसा मोमो सेरुवाईयाचा धाकटा भाऊ. त्याचं गावात छोटंसं दुकान होतं आणि आवाज असा, की दुकानात बसल्या बसल्या तो बोटीवरच्या माणसाशी गप्पा मारायचा. “अगं, काळजी कसली करतेस!” तो म्हणाला. “मी आहे ना.”

मित्रांनो, ते पहिले महिने आठवले की मला अजून शरमल्यासारखं होतं. रविवारी संध्याकाळी प्रार्थना आटोपली, की सगळं गाव आपापल्या परदेशातल्या माणसांना एकाच वेळी फोन लावायचं. डोंगरावरच्या टॉवरकडे इतकी गर्दी व्हायची की मला रेंज म्हणून मिळायची ती चिमूटभर. त्यात सेरुवाईया दाराकडे पाठ करून बसायची. बाहेरचा उजेड माझ्या डोळ्यात घुसायचा आणि तिचा चेहरा तव्यासारखा काळा दिसायचा. हातांनी बोलणाऱ्या बाईला फोन हातात धरता येत नाही, म्हणून मला मोमो धरायचा. तो गदागदा हसला की मीही हलायचो. मध्येच तो मला स्वतःकडे वळवून ओरडायचा, “लवेनिया, जाडी झालीस गं!” पलीकडे सेरुवाईयाच्या हातांचे चौकोनी तुकडे पोहोचायचे. इकडे लवेनियाचा चेहरा भिजलेल्या कागदासारखा पसरायचा.

तुम्हा ऐकणाऱ्या माणसांचं बरं असतं. चित्र थांबलं तरी आवाज पुढे जातो. या दोघींचं तसं नव्हतं. चित्र थांबलं की वाक्य थांबलं.

आणि एक वाक्य नेमकं नको तिथे थांबलं.

नोव्हेंबर संपत आला होता. सेरुवाईयाने विचारलं, “नाताळला?” लवेनियाने उत्तर दिलं. त्यांच्या भाषेत ‘येते’ म्हणताना तळहात पुढून ओढून छातीला लावतात. ‘येत नाही’ म्हणायचं असेल तर छातीला लावलेला हात पुन्हा उघडून खाली सोडतात. लवेनियाचा हात छातीपर्यंत आला आणि माझं चित्र गोठलं. पुढचं काही मला मिळालंच नाही. सेरुवाईया आनंदाने उठून उभी राहिली. तेवढ्यात फोन तुटला. पलीकडे लवेनियाला वाटलं, आईला कळलं. दुसऱ्याच दिवशी तिला आत दूरवरच्या एका मळ्यावर नेलं. तिथे रेंजच नव्हती.

सेरुवाईयाने गावभर खुणा करून सांगितलं, माझी लेक येते आहे. रंगीत लोकरीची किनार लावून तिने एक नवी चटई विणली. मोमोने मेजवानीसाठी डुक्कर बाजूला काढून ठेवलं. नाताळच्या आठवड्यात ती ठेवणीतला पोशाख घालून धक्क्यावर जाऊन उभी राहिली. मी तिच्या पिशवीत होतो. पहिली बोट आली, माणसं उतरली, बोट गेली. दोन दिवसांनी दुसरी आली. नाताळच्या आदल्या दिवशी शेवटची आली. तिच्यातून पिठाची पोती उतरली, कोंबड्यांचे खुराडे उतरले, एक म्हातारा उतरला. खलाशांनी बोटीची शिडी वर ओढली तोपर्यंत सेरुवाईया उभी होती.

मोमो तिला न्यायला आला. त्याने खांद्याला हात लावला, तो तिने झटकला. मग तिने एकच खूण केली. ती मोमोलाही कळत होती. खोटं.

घरी आल्यावर तिने मला एका फडक्यात गुंडाळलं आणि चटयांच्या पेटीत तळाशी ठेवून दिलं. जगात एकच माणूस तिच्याशी तिच्या भाषेत बोलत होतं, आणि तेही खोटं बोललं, असं तिला वाटत होतं. मी आत अंधारात पडून होतो. वाक्य अर्धंच पोहोचलं होतं, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पण मला कुठे हात आहेत?

बॅटरी संपेपर्यंत मी थरथरत राहिलो. त्या मळ्यावरून परतलेली लवेनिया पुन्हा पुन्हा फोन लावत होती. मग मी विझलो. पुढचं मला नंतर मोमोच्या बोलण्यातून कळलं. ते त्याने इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की मला पाठ झालंय.

जानेवारीत लवेनियाने मामाच्या दुकानात फोन केला. “मोमो, नाऊ फोन का उचलत नाही? बरी आहे ना?” आईला ती नाऊ म्हणायची.

“बरी कशी असेल?” मोमो भडकला. “येते म्हणून सांगितलंस आणि आली नाहीस! तीन बोटी बघितल्या तिने. उन्हात उभी होती बिचारी.”

“येते? मी कधी म्हटलं येते? मी तर नाही म्हटलं होतं! आंबा उशिरा लागला, सुट्टी मिळणार नाही, एवढं सगळं सांगितलं होतं मी!”

मोमो म्हणे तसाच उठला. अपेनिसा मोमोने दुकान उघडं टाकलं, हीसुद्धा गावात बातमीच होती. मग तो धावत बहिणीकडे गेला आणि समजावू लागला. पण त्याला खुणा किती येत होत्या? उण्यापुऱ्या सहा. ‘ये’, ‘जा’, ‘खा’ यांत ‘तुझ्या मुलीने नाही म्हटलं होतं, पण ते तुला दिसलं नाही’ हे कसं सांगणार? तो हातवारे करत राहिला. सेरुवाईयाने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि पाती सोलत बसली.

त्या वेळी दवाखान्यातून वासिती आली. वासिती गावची नर्स. बुटकी, चटपटीत, कंबरेला कायम एक मऊ फडकं खोचलेली. तिचं गाव आणि मोमोचं गाव यांचं पिढ्यांपिढ्यांचं थट्टेचं नातं आहे. त्यामुळे दोघांना एकमेकांना वाट्टेल ते बोलायची मुभा होती आणि दोघंही ती पुरेपूर वापरत.

“काय रे, माशा मारतोयस की नाचतोयस?” तिने विचारलं.

मोमोने सगळी हकीकत सांगितली. वासितीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “फोन कुठेय?”

“फोनला काय करायचंय? तो डबा आहे नुसता. समुद्रात फेकायच्या लायकीचा.”

“मी दर आठवड्याला याच टॉवरवरून सुव्याच्या डॉक्टरांना लोकांच्या जखमा दाखवते. टाके मोजून घेतात ते. माझा फोन याच्याहून जुना आहे. फोन डबा नाहीये, अपेनिसा. फोन धरणारा डबा आहे.”

मित्रांनो, पेटीचं झाकण उघडलं तेव्हा मला काही दिसलं नाही, मी विझलेलाच होतो. पण छपरावरच्या सौर पत्र्याची वीज पोटात गेली, मी डोळा उघडला आणि समोर वासितीचा चेहरा दिसला. धुक्यातून दिसावा तसा.

“हे बघ,” ती म्हणाली. “खोबरेल!” सेरुवाईयाच्या हातांना सतत तेल असायचं. ते माझ्या डोळ्यावर थर होऊन बसलं होतं. वासितीने कंबरेचं फडकं काढून काच पुसली. मला लख्ख दिसायला लागलं. इतके महिने मी धुकं बघत होतो आणि मला वाटत होतं, जगच तसं आहे.

मग तिने माझं पोट तपासलं आणि स्वतःच्या कपाळाला हात लावला. “रग्बीच्या मॅचेस कुणी भरल्यात यात? आत्तासुद्धा दोन उतरतायत!”

मोमो इकडेतिकडे बघू लागला. “रविवारी ते... फोन हातात असायचाच, म्हणून म्हटलं...”

“ओइलेई! म्हणजे तिकडे तुझी बहीण लेकीशी बोलतेय आणि इकडे तुझे पंधरा रेडे तिच्या बोटांवरून धावतायत! आहे चिमूटभर रेंज, त्यातली अर्धी तू खाल्लीस.”

मोमोचा चेहरा पडला. त्याने स्वतःच्या हाताने एकेक मॅच पुसली. मागे गुपचूप चालणारं बाकीचं सगळंही वासितीने बंद केलं. बॅटरी वाचवायची सोय सुरू होती, तीही तिने काढली, कारण ती सुरू असली की मी हात आखडून काम करतो. माझ्या अंगावरचं जाड कव्हर उतरवलं. मी तापलो की मंदावतो, हे तिला माहीत होतं. मला वाटलं, कुणीतरी आपली नाडी बघतंय.

दुसऱ्या दिवशी तिने सेरुवाईयाच्या घराची पाहणी केली. मोमोला एका जागी बसवून माझ्यासमोर हात हलवायला लावले आणि त्याचं चित्र स्वतःच्या फोनवर बघितलं. “दाराकडे तोंड करून बस. पाठ नको, तोंड. उजेड चेहऱ्यावर पडू दे.” यामागचं कारण मी तुम्हाला सांगतो. उजेड कमी असला की मला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात हललेली बोटं पुसट होतात. उजेड भरपूर असला की मी पटकन डोळा मिटतो आणि प्रत्येक बोट वेगळं टिपतो.

“आणि मागचा तो पडदा काढ,” वासिती म्हणाली.

“पडदा?” मोमो म्हणाला. “त्या बिचाऱ्याने काय केलं?”

पण वासितीचं खरं होतं. त्या पडद्यावर लालपिवळी मोठाली फुलं होती आणि तो सतत वाऱ्यावर हलायचा. समोर जे जे हलतं ते ते मला पलीकडे पाठवावं लागतं. माझी निम्मी ताकद त्या फुलांमध्ये जात होती. पडद्याच्या जागी निळी साधी चादर ताणून बांधली, आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मोमोला आता ओशाळल्यासारखं झालं होतं. तो उठून घरी गेला आणि निरफणसाच्या लाकडाचा एक ठोकळा कोरून घेऊन आला. मध्ये खाच, मागे टेकण. मला त्यात बसवलं, सेरुवाईयाच्या छातीच्या उंचीवर, तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत दिसतील इतक्या अंतरावर. “आता मी धरणार नाही,” तो म्हणाला. मी त्या ठोकळ्यात इतका घट्ट बसलो की मला पहिल्यांदाच पाय फुटल्यासारखे वाटले.

रविवार संध्याकाळची वेळही बदलली. वासितीने ठरवलं, शनिवारी सकाळी सात. गाव मासे धरायला गेलेलं असतं, टॉवर मोकळा असतो. ऑस्ट्रेलियात तेव्हा पहाटेचे पाच, पण लवेनिया म्हणाली, “मी रात्रभर जागी राहीन म्हणाल तर राहीन.” तिलाही कामं दिली होती. बाराजणींच्या खोलीतून बाहेर येऊन, जिथे नेट चांगलं मिळतं त्या कपडे धुण्याच्या शेडमध्ये दिव्याखाली बसायचं, आणि अंगात फुलाफुलांचा नव्हे, एकरंगी सदरा घालायचा. वासितीने माझ्यातली एक कळही फिरवून ठेवली. रेंज कमी झालीच, तर चित्र थोडं धूसर होऊ दे, पण थांबायला नको. हातांच्या भाषेत हालचाल तुटता कामा नये.

राहता राहिली सेरुवाईया. ती यायलाच तयार नव्हती. वासितीने जबरदस्ती केली नाही. तिने फक्त मला ठोकळ्यात बसवलं, फोन लावला आणि स्वतः दाराबाहेर गेली. सेरुवाईया कोपऱ्यात चटई विणत होती. तिने मान वर केली, केवळ सवयीने. आणि तिला लेकीचा चेहरा दिसला. अख्खा, स्वच्छ, उन्हाने रापलेला. गालावर आंब्याचा चीक लागून झालेला चट्टासुद्धा दिसत होता.

सेरुवाईया उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली.

लवेनियाने सावकाश हात पुढे केला, छातीला लावला, मग उघडला आणि खाली सोडला. तिने तेच पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. माझ्याकडून त्यातलं काही सुटलं नाही.

“त्या दिवशी?” सेरुवाईयाच्या हातांनी विचारलं.

“त्या दिवशीही हेच. नाऊ, मी खोटं बोलले नव्हते. तुला अर्धंच दिसलं.”

सेरुवाईयाने डोळ्यांना ओंजळ लावली. ओंजळ काढल्यावर तिचे हात जे सुटले ते थांबेनात. किती बारीक झालीस. गालाला काय लागलंय. काही खातेस की नाही. अळूची पानं मिळतात का तिकडे. नारळाचं दूध? डब्यातलं? शी! इतक्या वेगाने बोटं मी कधी पाहिली नव्हती. मी ती सगळी पोहोचवली. दाराबाहेर मोमो मोठ्याने नाक शिंकरत होता. आत त्याचा आवाज ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून बरं.

त्या दिवसापासून दर शनिवारी माझा डोळा आधी पुसला जाऊ लागला. सेरुवाईयाने त्यासाठी जुन्या सुलूचा, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या वस्त्राचा, एक मऊ तुकडा वेगळा ठेवला होता. ती पुसायची आणि मग माझ्या पाठीवर बोटाने हलकेच थोपटायची. मित्रांनो, तसं कुणी थोपटलं की थकवा पळून जातो. मी त्या घरात सुखी होतो.

वर्षं गेली. लवेनियाने तिकडेच सुतारकाम करणाऱ्या जोसाया नावाच्या फिजीच्याच मुलाशी लग्न केलं. मग तिला मुलगी झाली. तिमाईमा. सेरुवाईयाने नातीचे पाय मोजले, बोटं मोजली, भुवया कुणासारख्या आहेत यावर मोमोशी खुणांनी भांडण केलं. हे सगळं माझ्यातूनच झालं.

तिमाईमा सात महिन्यांची असताना एका शनिवारी लवेनिया एकटीच समोर आली. तिचे डोळे सुजले होते. पूर्वीसारखं चित्र असतं तर सेरुवाईयाला ते दिसलंही नसतं. आता तिने बसायच्या आधीच विचारलं, “काय झालं?”

“तपासणी झाली. तिमाईमाला ऐकू येत नाही.”

सेरुवाईयाचे हात हवेतच थांबले. मी घाबरलो. मला वाटलं, माझंच काही बिघडलं. पण मी ठीक होतो. थांबली होती ती. मग तिने स्वतःच्या छातीला बोट लावलं. “माझ्यामुळे?”

लवेनियाला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, “डॉक्टर म्हणतात, तसं असू शकतं.”

दारात मोमो आणि वासिती उभे होते. लवेनिया हातांबरोबर तोंडानेही बोलत होती, त्यावरून त्यांना समजलं. कुणी आत आलं नाही.

सेरुवाईया बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत होती. चटया विणून तिथे घट्टे पडले होते. मग ती म्हणाली, “तिला समोर धर.”

लवेनियाने बाळाला मांडीवर घेतलं. सेरुवाईया पुढे सरकली, उजेडात आली आणि तिने हात वर केले. मासा पोहतो. पक्षी उडतो. पाऊस पडतो. तिमाईमाने अंगठा तोंडातून काढला. तिचे डोळे आजीच्या हातांमागे फिरायला लागले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकदाही तिने नजर दुसरीकडे वळवली नाही.

“रडते का ती?” सेरुवाईयाने विचारलं.

“नाही. तुझ्याकडे बघतेय.”

“मग तू कशाला रडतेस?” आणि ती पुढे म्हणाली, “मी एवढीशी होते तेव्हा माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. मी तुझी वाट बघितली, बावीस वर्षं. हिला वाट बघायला नको. हिच्याजवळ तू आहेस, मी आहे. जोसायाला शिकव. म्हणजे तिघं झालो.”

लवेनियाने ते दारातल्या दोघांना तोंडाने सांगितलं, तसा मोमो आत आला. गुडघे टेकून बहिणीसमोर बसला आणि तिच्याकडे बोट करून स्वतःच्या डोक्याला हात लावला. मलाही शिकव, असं त्याला म्हणायचं होतं. पण त्याने केलेल्या खुणेचा अर्थ झाला, मला डुक्कर दे. लवेनिया रडता रडता फसकन हसली. सेरुवाईया हसली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा भाऊ तिच्याकडे तिची भाषा मागायला आला होता. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि बोटं एकेक करून नीट वळवली.

“चौघं,” वासिती दारातून म्हणाली. “पण चौथा जरा मंद आहे.”

पुढे दर शनिवारी शाळा भरायची. लवेनियाने तिकडच्या बहिऱ्या लोकांच्या वर्गात नाव घातलं होतं, तिथल्या खुणा ती आईला शिकवायची. आई आपल्या खुणा नातीला शिकवायची. अकराव्या महिन्यात तिमाईमाने आपला गुबगुबीत पंजा उभा धरला आणि मनगट हलवलं. मासा! बाळाच्या मनगटाची ती हालचाल किती इवलीशी असते, तुम्ही पाहिली असेल. ती मी जवळजवळ तीन हजार किलोमीटरवरून आणली आणि जशीच्या तशी आजीसमोर ठेवली. माझ्या सगळ्या आयुष्यात याहून मोठी कामगिरी मी केली नाही.

आता मी म्हातारा झालोय. बॅटरी दुपारपर्यंत पुरत नाही. मागच्या वर्षी लवेनिया, जोसाया आणि चार वर्षांची तिमाईमा वाईनिकोरोला आले. तीन आठवडे राहिले. त्या तीन आठवड्यांत मला कुणी हातसुद्धा लावला नाही. मी ठोकळ्यात बसून बघत होतो. आजी आणि नात निळ्या चादरीसमोर अंथरलेल्या चटईवर समोरासमोर बसायच्या, गुडघ्याला गुडघा लावून, आणि चार हात एकदम बोलायचे. मध्ये मी नव्हतो. मित्रांनो, मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. पण खरं सांगतो, त्या तीन आठवड्यांइतकी शांत झोप मला कधी लागली नाही.

जाताना लवेनिया आईसाठी नवा फोन ठेवून गेली. तो आता ठोकळ्यात बसतो. हुशार आहे, त्याचा डोळाही मोठा आहे. मी मोमोच्या दुकानात असतो. गिऱ्हाईक नसलं की तो मला बरणीला टेकवतो, माझ्यासमोर खुणा करतो, मी त्या टिपून ठेवतो. मग तो स्वतःला बघतो आणि म्हणतो, “अरेरे, पुन्हा डुक्कर!” सेरुवाईया आली की येता-जाता मला सुलूच्या टोकाने पुसते. आता काही गरज नसते, तरी पुसते.

तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल. चित्र अडलं की त्याला आपटू नका, डबा म्हणू नका. त्याचा डोळा मऊ कापडाने पुसा. उजेडाकडे तोंड करून बसा. त्याला कशाला तरी टेकवून ठेवा, तापला असेल तर सावलीत घ्या, आणि एका वेळी एकच काम सांगा. पलीकडे जे माणूस आहे, ते कदाचित आठवडाभर या वेळेची वाट बघत असेल. त्याचं बोलणं पुरतं झाल्याशिवाय उठू नका. एवढं तुम्ही करा. पोहोचवण्याचं काम आमचं, आणि ते आम्ही मनापासून करू.